वर म्हणजे कुठे

३ नोव्हेंबर, गुरुवार पोन

ही वही म्बाक रेंगानिसनं दिली. म्हणाली, "वास्कितो, रोज चार ओळी लिहीत जा. काय पाहिलंस, कोण काय बोललं. मी वाचणार नाही आणि शुद्धलेखन तर मुळीच तपासणार नाही." आमच्यात आणखी दोघं आहेत, मकासार शहरातले, कॉलेज शिकलेले. ते बेटाच्या पलीकडच्या गावांत काम करतात. त्यांना वही दिली नाही, मला एकट्यालाच दिली. माझं काम तिला आवडलेलं दिसतंय.

लिहायचंच तर पहिल्यापासून लिहितो. मी सहावी पास. पुढे शीक म्हणून बाप मागे लागला होता, मीच पळालो. चार वर्षांत सात कामं सोडली. सातवं इथलं रस्त्याचं. रस्ता संपायच्या आत माझं मुकादमाशी वाजलं. धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलो होतो, तर ही आमच्या जावा बेटावरची बाई समोर उभी. म्हणाली, "भरपूर चालता येतं का?" मी म्हटलं, "म्बाक, तेवढंच येतं." आमच्या जाव्यात थोरल्या बहिणीला म्बाक म्हणतात, आणि गावापासून दोन समुद्र लांब आपल्या भाषेतला माणूस भेटला की तो थोरली बहीण होतोच.

काम असं: गावातल्या प्रत्येक घरी जायचं, दारात उभं राहून फोनमध्ये टिंब ठेवायचं आणि बारा प्रश्न विचारायचे. त्याचा म्बाक नकाशा करणार. कागदाचा नाही, फोनवर उघडणारा. आपल्या घरावर बोट ठेवलं की कुठल्या वाटेनं पळायचं ते बाणानं दाखवणारा. गेल्या वर्षी इथला डोंगर तीन महिने राख ओकत होता. ती सगळी राख वर माथ्यावर पडून आहे. मोठा पाऊस झाला की तिचा चिखल होऊन घळीतून खाली येणार. कधी ते कुणाला माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी आला होता.

केळी तळणाऱ्या तान्ते उचीनं, म्हणजे उची मावशीनं, आत्ता वहीत डोकावून विचारलं, "पोन म्हणजे काय? पोरगी का?" मी सांगितलं, आमच्याकडे सात दिवसांचा आठवडा असतो तसा पाच दिवसांचाही असतो, पोन त्यातला एक दिवस. ती म्हणाली, "दोन-दोन आठवडे! तरी तुम्ही कामाला इकडेच येता."

५ नोव्हेंबर, शनिवार क्लिवोन

आज एकतीस घरं झाली.

मी राहतो ओम राजाबकडे. ओम म्हणजे काका. चौसष्ट वर्षांचा, लवंगांची झाडं आहेत, एक गुडघा वाकत नाही. एकटाच असतो. घळीपासून सगळ्यात जवळचं घर त्याचं. सकाळी मी मीठ मागितलं तर चुलीपाशी बसून म्हणतो, "फळीवर बघ, जरा समुद्राकडे." मी बरणी उचलली तर म्हणाला, "ती साखर. अजून समुद्राकडे." जेवताना म्हणाला, "तुझ्या डोंगराकडच्या गालाला भात लागलाय."

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी नाही. आमच्याकडेही डावं-उजवं कुणी म्हणत नाही. माझी आई पाटावर बसलेल्याला सांगते, थोडा दक्षिणेला सरक. इथे उत्तर-दक्षिण नाही, समुद्र आणि जमीन आहे, एवढाच फरक. मकासारचे दोघं अजून चाचपडतात. मला पहिल्या दिवशी समजलं.

नववा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: मागच्या वेळी चिखल आला तेव्हा कुठे पळालात? उत्तराला चार चौकोन. समुद्राकडे, आत जमिनीकडे, डोंगरावर, आणि इतर. बहुतेक सगळे म्हणतात, "वर." मी "डोंगरावर"ला टिक करतो आणि पुढच्या घरी. एकदोघं हाताने बाजूलाच कुठे तरी दाखवतात, पण म्हातारी माणसं, हात कुठेही जातो त्यांचा.

"इतर" मी दाबत नाही. ते दाबलं की खाली रिकामी ओळ येते, लिहा म्हणते. लोक दारात उभे असतात, मी एकेक अक्षर शोधत बसणार, आणि त्यांची शाळेत जाणारी पोरं खांद्यावरून बघणार. नको.

६ नोव्हेंबर, रविवार लेगी

आज म्बाकनं नकाशा आतून दाखवला. हे मी जन्मात विसरणार नाही.

मला वाटायचं नकाशा म्हणजे चित्र. तसं नाही. तो थरांचा असतो. सगळ्यात खाली ड्रोननं काढलेला फोटो, त्यात ओम राजाबच्या अंगणात वाळत घातलेल्या लवंगा दिसतात, वर माझा शर्टही. त्यावर उंचीचा थर. त्यावर घळींचा, निळा. त्यावर वाटांचा. त्यावर घरं, म्हणजे माझी टिंबं. म्बाक एक थर काढते, दुसरा घालते, आणि गाव कपडे बदलल्यासारखं बदलतं.

एके ठिकाणी वाट तुटक होती. डोळ्याला दिसतच नव्हती, पण म्बाकनं मोठं करून दाखवलं, दोन रेघांत केसाएवढी फट. ती म्हणाली, "आपल्याला ही एकच वाट वाटते. यंत्राला वाटतं इथे जग संपलं. त्या घरातल्या माणसाला ते सांगेल, तुला रस्ता नाही." मग तिने रेघेचं टोक ओढून दुसऱ्या टोकावर टेकवलं. अशा फटी ती सकाळपासून शोधत होती. डोळे लाल. एकशे सात सापडल्या म्हणाली. मी सात कामं केली, पण केसाएवढ्या फटीसाठी कुणी दिवसभर बसलेलं पाहिलं नव्हतं. आमचा मुकादम हातभर फटीवर वाळू टाकायचा.

९ नोव्हेंबर, बुधवार वागे

म्बाकनं विचारलं, "दीडशे घरं झाली आणि नवव्याला एकही 'इतर' नाही?"

मी म्हटलं, "नाही म्बाक. सगळे डोंगरावर."

तिने पडद्यावर घळ मोठी केली. म्हणाली, "डोंगराच्या सोंडेवर जायचं तर घळीवरचा पूल ओलांडावा लागतो. चिखल येणार घळीतून, आणि आपण लोकांना घळीवरून पाठवायचं? मला पटत नाही."

"मग दुसरीकडे वळवा बाण."

"मी इथे तीन आठवड्यांची पाहुणी, वास्कितो. ते चिखल बघून जिवंत राहिलेत. माझ्या उंचीच्या थरापेक्षा त्यांचं खरं." मग वहीकडे बघून म्हणाली, "लिहितोस ना?" मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, "छान. हात बसेल." कशाला ते बोलली नाही.

जेवताना ओम राजाबला मी नववा प्रश्न घरच्यासारखा विचारला. त्याच्या घराची टिक कधीच झाली होती. तो म्हणाला, "मी वर गेलो. जैतून लवंगांच्या मांडवाकडे पळाली, जमिनीकडे. लवंगा वाळत होत्या तिच्या. मी ओरडलो, वर चल, वर चल. ती म्हणाली तू हो पुढे." मग पापेड्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या खळीसारख्या चिकट लापशीचा, गोळा काटकीवर गुंडाळत बसला आणि बराच वेळ तोंडात घातला नाही. जैतून त्याची बायको. मी विषय बदलला.

१३ नोव्हेंबर, रविवार पोन

नकाशा आज सुरू झाला! तान्ते उचीच्या टपरीवर म्बाकनं लिंक दिली आणि दहा मिनिटांत धक्क्यापर्यंतच्या सगळ्या फोनवर पोचली. जो तो आपलं घर दाबून बघतोय. दाबलं की नाव येतं, घरात किती माणसं, कुणाला उचलून न्यावं लागेल, आणि लाल बाण वाटेवरून सरकत जातो. लोक आपलं घर सोडून शेजाऱ्याचंच जास्त दाबत होते.

"बघा बघा, माझ्या घरात 'उचलून न्यावं लागेल: एक' लिहिलंय," तान्ते उची ओरडली. "मास जावा, हे कोण?" मास म्हणजे दादा, आणि जावा म्हणजे मी.

"तुमचे मालक. दिवसभर झोपलेले असतात, मी तीनदा पाहिलं."

सगळी टपरी हसली. तान्तेनं मला दोन केळी जास्त दिली, वर ठेचाही जास्त घातला, सूड म्हणून.

ओम राजाबकडे साधा फोन आहे. मी माझ्या फोनवर त्याचं घर दाबून दाखवलं. बाण निघाला, पूल ओलांडून डोंगराच्या सोंडेवर गेला. त्याने पुन्हा दाखव म्हटलं. मग पुन्हा.

"डोंगराकडे?" तो म्हणाला.

"हो ओम."

"जमिनीकडे... मांडवाच्या अंगाने?"

"त्याच वाटेनं. ड्रोननं वरून सगळं पाहिलंय ओम. एक झाडसुद्धा सुटलेलं नाही."

त्याने फोन माझ्याकडून घेतला. फोन दोन्ही हातांत धरून बसला होता, एखाद्याचं बाळ धरावं तसा. मला इतकं भरून आलं. ज्या माणसानं कधी नकाशा बघितला नाही त्याच्या हातात त्याचं घर होतं, आणि ते टिंब मी ठेवलेलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार लेगी

ओम राजाब तीन दिवस पहाटेच कोयता घेऊन जातोय. आज मागून गेलो तर पुलापलीकडे, जुन्या मांडवाच्या वरच्या अंगाला, डोंगराची वाट साफ करतोय! वाकत नसलेला गुडघा बाजूला पसरून बसतो आणि बसल्या बसल्या झुडपं तोडतो. मी म्हटलं, "ओम, कशाला?"

"नकाशा इकडून जा म्हणतो ना. मग वाट नको?"

"पण तुम्ही तर आधीपासून इकडूनच..."

"पकड ती फांदी," तो म्हणाला.

पुढे कामाच्या भरात म्हणाला, "जैतूनला मी अकरा वर्षं वेडी म्हटलं." आणि हसला. हा माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं. म्बाकला जाऊन सांगितलं, नकाशामुळे गाव कसं कामाला लागलंय. तीही खूष झाली, पण लगेच म्हणाली, "पुलापलीकडे? एकटा?" तिला काळजी करायची सवयच आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार वागे

हालमाहेरा बेटावरच्या निकेलच्या कारखान्यातून जुन्या सोबत्याचा फोन आला. जागा आहे, सोमवारच्या आत ये. पाय तसेही शिवशिवत होते. माझी सगळी घरं झाली, चोवीसला पळायची तालीम, जिल्ह्याचे साहेब येणार, भाषणं होणार. माझं काय काम? म्बाकला चिठ्ठी ठेवून जायचं ठरवलं.

तान्ते उचीला विचारलं, "उद्याची बोट कुठल्या धक्क्याला लागते?"

"जुना धक्का बुडाला. आता वर. तिसऱ्या धक्क्याला."

मी म्हटलं, "तान्ते, बोट आता डोंगरावर लागते होय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने टपरीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि सगळे लोळायचे बाकी राहिले. "अरे जावा! वर म्हणजे वर!" आणि तिने हनुवटीनं दाखवलं. किनाऱ्यानं. सरळ किनाऱ्यानं, मशिदीच्या टोकाकडे, जिथे समुद्रात घुसलेला उंच खडक आहे आणि त्यावर शाळा.

"डोंगराला काय म्हणता मग?"

"डोंगराकडे म्हणजे जमिनीकडे. समुद्राकडे म्हणजे समुद्राकडे. आणि किनाऱ्यानं इकडे गेलं तर वर, तिकडे गेलं तर खाली. दोन महिने आमचं मीठ खातोस, एवढं नाही कळलं?"

मीही हसत होतो. तोंडात गरम केळं होतं. हसता हसता ते तसंच राहिलं, चावलं नाही, गिळलं नाही.

वर. एकशे साठ घरांनी मला "वर" सांगितलं होतं.

म्हातारे हात बाजूला दाखवत होते ते बरोबर दाखवत होते.

उद्या सात वाजता बोट आहे. कुणाला कळणार आहे? नकाशावर माझं नाव थोडंच आहे.

२० नोव्हेंबर, रविवार क्लिवोन

पिशवी घेऊन वर गेलो. वर म्हणजे तिसऱ्या धक्क्याला. बोटीत चढलो, टपावर बसलो. स्वतःला सांगत होतो, अकरा वर्षांत एकदा येतो चिखल, तोवर कुणीतरी बघेलच.

बोटीवरून सगळं गाव दिसतं. ड्रोनला दिसतं तसंच, फक्त आडवं. डोंगराच्या सोंडेवर धूर निघत होता. ओम राजाब तोडलेली झुडपं जाळत होता. त्याने वाट पार सोंडेपर्यंत नेली होती, स्वच्छ, भांग पाडल्यासारखी.

नावाडी दोर सोडत होता. मी उडी मारली.

"ए जावा! काय विसरलास?"

"नववा प्रश्न," मी म्हटलं. तो काय समजला कोण जाणे.

म्बाक कपडे वाळत घालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. वर म्हणजे काय, "इतर" का दाबलं नाही, लिहायला लागू नये म्हणून, आणि पिशवी हातात का आहे तेही. ती शर्ट तसाच हातात धरून ऐकत होती, पाणी गळत होतं. मग ओल्या हातानेच लॅपटॉप उघडला आणि एक कळ दाबली.

सगळे बाण गेले. माझ्या फोनवरचेही. गावातल्या प्रत्येक फोनवरचे. कागदावर छापला असता तर तो चुकीचा बाण भिंतीवर वर्षानुवर्षं राहिला असता. पाच मिनिटांत तान्ते उचीचा फोन: "मास जावा, माझा बाण कुणी चोरला?"

मग म्बाकनं एक तक्ता दाखवला. प्रत्येक टिंबामागे लिहिलेलं असतं, कुणी ठेवलं, कुठल्या दिवशी, किती वाजता. खाली खाली खाली, दोनशे चौदा वेळा: वास्कितो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"टिक कुणाची ते माहीत होतं. चुकीची आहे ते नव्हतं." तिने तक्ता मिटला. "आणि प्रश्न मी लिहिला. योग्याकार्ताला, टेबलाशी बसून. 'वर' हा चौकोनच ठेवला नाही. कारण मीही जाव्याचीच. पटत नव्हतं, तर मी एका तरी म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायला हवं होतं." उगाच स्वतःवर घेते. मोठ्या मनाची आहे.

मग म्हणाली, "चार दिवस आहेत. पिशवी ठेव."

२२ नोव्हेंबर, मंगळवार पाहिंग

पुन्हा घरोघरी. मकासारचे दोघंही आलेत, तरी या गावच्या वाटा मलाच माहीत. आता प्रत्येक दारात "इतर" दाबतो आणि लिहितो. "मशिदीच्या टोकाला शाळेत". टोक हा शब्द मी तीन तऱ्हांनी लिहिला म्हणे. म्बाक तिन्ही एकत्र करते, बोलत नाही. पोरं खांद्यावरून बघतात. एकीनं माझी चूक काढली. मी दुरुस्त केली. मेलो नाही.

ओम राजाबचं घर मी शेवटी ठेवलं होतं. संध्याकाळच्या नमाजाआधी गेलो. तो पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

"ओम, बाण चुकला होता. वरच जायचं. किनाऱ्यानं, शाळेकडे. तुम्ही गेला होतात तसंच."

"गेल्या आठवड्यात यंत्र डोंगर म्हणालं. आज वर म्हणतं. उद्या?"

"यंत्र नाही म्हणालं, मी म्हणालो. तुम्ही वर म्हणालात, मी डोंगर लिहिलं. तुमच्या मोठ्या पुतण्याच्या घरीही, मशिदीच्या म्हाताऱ्याच्याही, सगळ्यांच्या."

तो चोळायचा थांबला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "डोंगराकडे का, म्हणून."

"हो."

"तू म्हणालास, वरून सगळं पाहिलंय."

"हो ओम."

तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाला, "बाण तिच्या मांडवाकडे गेला तेव्हा बरं वाटलं होतं रे. वाटलं, तीच बरोबर गेली होती. नशिबानं दगा दिला, पण शहाणी होती. चुकलो तो मीच."

मी तेलाची वाटी उचलली आणि त्याचा गुडघा चोळायला लागलो. तो म्हणाला, "तो नाही. समुद्राकडचा."

२३ नोव्हेंबर, बुधवार पोन

आज एक गंमत पाहिली. तान्ते उची नवा नकाशा बघताना फोन हातात फिरवत होती. फिरवून फिरवून समुद्र उजव्या बाजूला आणला तेव्हा कुठे म्हणाली, "हां, आता कळलं." मग तिची सून, तिनेही तसाच फिरवला. धक्क्यावरचे हमालही. कुणी शिकवलेलं नाही.

म्बाकला सांगितलं: म्बाक, आपण उत्तर वर ठेवतो, यांचं वर दुसरीकडेच आहे. किनाऱ्यानं वरच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की यांचा समुद्र उजव्या हाताला. पलीकडच्या गावातही उजव्याच हाताला, कारण बेट गोल आहे.

ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "उत्तर वर असलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?" दुपारपर्यंत तिने ते केलं. आता घर दाबलं की सगळं बेट आपोआप फिरतं आणि त्या घराचा समुद्र उजवीकडे येऊन थांबतो. गाव कुठलंही असो, वर ते वरच. मी वीस वेळा दाबून बघितलं. बेट माझ्या बोटाखाली भाकरीसारखं फिरत होतं.

एक आणखी कळलं. इथे वर वर चालत राहिलं, कुठेही न वळता, तर माणूस दोन दिवसांनी खालच्या अंगाने आपल्याच दारात येतो. तान्तेला विचारलं, मग वर संपतं कुठे? ती म्हणाली, "घरी."

२४ नोव्हेंबर, गुरुवार वागे

तालीम झाली. एकवीस मिनिटांत अख्खं गाव शाळेत. तान्तेचे मालक खरंच उचलून आणले, झोपेतच. साहेबांनी नकाशा बघितला आणि विचारलं, "यात उत्तर कुठे गेलं?"

तान्ते उची म्हणाली, "उत्तर जाव्याला परत गेलं, साहेब. इथे त्याला कुणी विचारेना."

म्बाकनं सगळ्यांसमोर सांगितलं की पहिला नकाशा चुकला होता आणि चूक प्रश्न लिहिणाऱ्याची होती. मी उभा राहणार होतो. तिने डोळ्यानेच बस म्हटलं.

ओम राजाब आला नाही.

१ डिसेंबर, गुरुवार लेगी

शाळेच्या फरशीवर बसून लिहितोय.

पाऊस कालपासून होता, पण दुपारच्या नमाजानंतर डोंगर दिसेनासा झाला. आधी वास आला, गंधक आणि ओली माती. मग आवाज, म्हणजे रस्त्याच्या कामावर खडी ओततात ना, तसा, पण न थांबणारा. कुणीतरी मशिदीचा ढोल वाजवला. लोक पळाले. कुणी विचारलं नाही कुठे. पोरं ओरडत होती, "वर! वर! समुद्र उजवीकडे!" पावसात समुद्र दिसत नव्हता, पण उजव्या कानाला ऐकू येत होता.

मी ओम राजाबच्या घराकडे धावलो. तो अंगणात उभा होता, डोंगराकडे तोंड करून. साफ केलेल्या वाटेकडे बघत. मी ओरडलो, "ओम, वर चला!"

तो हलला नाही. मी पुन्हा ओरडलो. मग पुन्हा.

त्याने मान वळवली. म्हणाला, "तू हो पुढे."

मला ते वाक्य माहीत होतं. मी म्हटलं, "नाही होत. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही झालात, मी नाही होणार. इथेच बसतो." आणि खरंच चिखलात बसलो.

त्याने मला एक शिवी दिली, बेटावरची, अजून अर्थ माहीत नाही. मग माझा दंड धरून उठवलं. गुडघा वाकत नाही तरी माझ्यापुढे चालत होता. मागे पूल गेला. नुसता कडकन् आवाज. पहिल्याच लोंढ्यात.

शाळेत म्बाक फोन घेऊन दारात. आलेल्या घरावर बोट ठेवते, लाल टिंब हिरवं होतं. दोनशे तेरा हिरवी झाली होती. आम्हाला बघितलं आणि शेवटचं दाबलं. मग तिथेच दाराला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. एवढी शिकलेली बाई.

३ डिसेंबर, शनिवार पोन

ओम राजाबचं घर आहे, चूल गेली. मांडवाची जागा आणि साफ केलेली वाट, तिथे आता राखेचं सपाट मैदान आहे. म्बाकनं सकाळी ड्रोन उडवला आणि नवा फोटो जुन्यावर घातला. ओम राजाब मागे उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "पोरी, तुझ्या नकाशात मेलेल्यांचा थर असतो का?"

म्बाक म्हणाली, "केला की असतो."

त्याने बोट ठेवलं, अगदी अचूक, जिथे मांडव होता तिथे. म्बाकनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि चहा करायला निघून गेली. चूल तर गेली होती. कुठे चहा करणार होती कोण जाणे.

टिंब ठेवलं. चौकोन आले. मी "इतर" दाबलं. रिकामी ओळ आली, लिहा म्हणाली.

एकेक अक्षर शोधलं. ओम राजाब खांद्यावरून बघत होता. जैतूनमधला 'तू' मी ऱ्हस्व लिहिला तर म्हणाला, "दीर्घ. तिला ऱ्हस्व आवडायचा नाही." दीर्घ केला. पुढे काय लिहू विचारलं, तर त्याने सांगितलं, मी जसंच्या तसं घातलं. आता ते बेटावरच्या प्रत्येक फोनवर आहे, कुणीही दाबून बघावं:

"जैतून इथे आली होती. शहाणी होती. तुम्ही वर जा."